वसंतरावांचा स्प्रिंकलर

आपल्या घराला एकदा तरी आग लागावी, अशी मनापासून इच्छा असलेला माणूस कोल्हापूरच्या अख्ख्या मंगळवार पेठेत एकच होता. वसंतराव!

"लागू दे तर खरी!" हॉलच्या छताकडं बोट करून ते येईल त्याला सांगायचे. "एका मिनिटात विझली नाही, तर वसंत हे नाव लावणार नाही!"

आता विझवणार ते स्वतः नव्हते. विझवणार होता छतातून खाली डोकावणारा पितळी स्प्रिंकलर. त्याच्या तोंडाशी लाल पाणी भरलेली काचेची बारीक नळी होती. खोलीत आग लागली की छताजवळची हवा तापते, अडुसष्ट अंशाला ती नळी टक्कन फुटते आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चारी बाजूंना पावसासारखं कोसळतं. माणसानं काहीही करायचं नाही. नुसतं बाजूला उभं राहून बघायचं!

हे सगळं वसंतराव इतकं रंगवून सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, आत्ताच्या आत्ता एखादा पडदा पेटवून बघावा. पण ऐकणारा होता कुठं? वसंतरावांची सगळी नोकरी विमा कंपनीच्या दावे विभागात गेली होती. जळालेल्या घरांचे फोटो बघण्यात केस पांढरे झालेले. त्यामुळं लग्नाच्या मांडवातही त्यांची नजर नवरा-नवरीकडं न जाता लाइटच्या उघड्या वायरींकडं जायची. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडं वळून ते म्हणायचे, "एका ठिकाणी काय झालं, सांगू का?" तेवढ्यात त्या माणसाला गाडीचं लॉक आठवायचं. पुण्याचे जावई फोन स्पीकरवर टाकून अंघोळीला जायचे आणि परत येऊन "बरोबर आहे, बाबा" म्हणायचे. वसंतरावांना हे कळत नव्हतं असं नाही. कळायचं, आणि लागायचंही. एकदा, फक्त एकदा कुणीतरी आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

आणि तो योग आला! शहरासाठी बांधकामाची नवी नियमावली करायचं घाटत होतं. यापुढं बांधायच्या प्रत्येक घरात स्प्रिंकलर सक्तीचे करावेत का, असा एक मुद्दा त्यात होता, आणि त्यावर नागरिकांचं म्हणणं ऐकायला एक समिती नेमली होती. समितीच्या प्रमुख प्रियदर्शनी मॅडम इंजिनिअर होत्या. त्यांच्या जोडीला अभिराम नावाचे तरुण आर्किटेक्ट.

सुनावणीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पहिले उभे राहिले हंबीरराव. वसंतरावांच्या भिंतीला लागून हंबीररावांचा म्हशींचा गोठा होता, आणि गोठ्यापलीकडं त्यांच्या नव्या घराचा पाया खांदायचं काम चालू होतं. नियम झाला तर पहिला त्यांच्याच डोक्यावर बसणार!

"म्याडम, एक शंका हाय," ते म्हणाले. त्यांना माइकची गरज नव्हती. "पुराचं पाणी घरात खालनं येतंय, ते आमी कसंबसं सोसलं. आता तुमी वरनं बी सोडणार व्हय?"

सभागृह हसून लोटपोट झालं. मागून एक बाई ओरडल्या, "आमच्यात तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी चढंना झालंय, छताला कुठनं यायचं?" तिसऱ्यानं विचारलं, "झोपेत उघडला तर गादी कुणी वाळवायची?"

मग वसंतराव उठले. रात्रभर घोकलेलं वाक्य त्यांनी फेकलं, "आग नसताना थेंब पडणार नाही, आणि थेंब पडल्यावर आग राहणार नाही!"

टाळ्या पडल्या नाहीत. पण प्रियदर्शनी मॅडमनी मान वर केली. "असा घरात बसवलेला स्प्रिंकलर प्रत्यक्ष बघायला मिळेल का कुठं?"

"माझ्या घरी!" वसंतराव जवळजवळ किंचाळले. "गुरुवारी या! तुमच्यासमोर आग लावतो आणि तुमच्यासमोर विझवून दाखवतो!"

"येतो की," मॅडम म्हणाल्या. "नीट चाललं तर तुमचं म्हणणं आम्ही पुढं मांडू. आणि लोकांना समजावून सांगायला तुम्हालाच बोलवू."

लोकांना समजावून सांगायला! वसंतरावांचे डोळे भरून आले. वॉर्डावॉर्डात सभा, समोर सतरंजीवर माणसं, आणि कुणालाही गाडीचं लॉक आठवत नाही! घरी येईपर्यंत ते तीन वॉर्ड मनातल्या मनात फिरून आले.

त्या दिवसापासून घरात काडी ओढायची बंदी झाली. न जाणो, नळी आधीच तापून फुटली तर! उदबत्ती अंगणात गेली. समईची वात इतकी बारीक झाली की देवांना एकमेकांची तोंडं दिसेनात. फोडणी टाकताना वसंतराव कढईवर झाकण धरून उभे राहायचे. स्प्रिंकलर हॉलमध्ये आणि फोडणी स्वयंपाकघरात, पण यांचा धीर निघेल तर शप्पथ!

"आग विझवायचं यंत्र आणलंय म्हणे," श्यामलाबाई म्हणाल्या, "आणि घरात साधी मोहरी तडतडायची चोरी!"

श्यामलाबाईंचं स्प्रिंकलरशी तसं काही वैर नव्हतं. त्यांचं दुखणं होतं टाकीचं. सकाळी नळाला पाणी आलं, की काल भरलेलं पाणी श्यामलाबाईंच्या लेखी शिळं! ते तुळशीला, कुंड्यांना, अंगणात जायचं. हंडा, कळशी, घागर घासूनपुसून पालथी पडायची आणि मग ताज्या पाण्यानं भरायची. लग्न होऊन आल्यापासून या क्रमात एका दिवसाचा खंड नव्हता. आणि अशा बाईच्या डोक्यावर, गच्चीत, नवी टाकी गेला महिनाभर तेच पाणी पोटात घेऊन बसली होती!

"महिन्याचं शिळं पाणी!" त्या रोज म्हणायच्या. "मला झोप येत नाही हो."

"अगं, ते प्यायचं नाही. आगीवर पडायचंय."

"आगीवर म्हणून काय झालं?"

"त्या टाकीला हात लावायचा नाही!" एवढं बजावून वसंतराव भाषणाची तालीम करायला आरशासमोर गेले.

गुरुवार उजाडला. पाव्हण्यांना नुसत्या चहावर लावून द्यायचं श्यामलाबाईंच्या रक्तात नव्हतं. भल्या पहाटे पुरण शिजलं, पातेलंभर कटाची आमटी झाली. वसंतराव हॉलमध्ये 'समितीचे सहर्ष स्वागत' असा कापडी फलक बांधत होते. तो बांधून झाल्यावर शेजारी शेणी, म्हणजे गोवऱ्या, मागायला गेले, कारण आग लावायची तर चांगली धगीची पाहिजे.

"न्या की, पायजे तेवढ्या न्या!" हंबीरराव खूश होऊन म्हणाले. "आग आमच्याकडनं. विझवायचं तेवढं तुमचं तुमी बघा!" त्यांच्यामागं जेसीबी घरघरत होता, पाया खांदायचं काम जोरात होतं.

वसंतराव शेजारी गेले, आणि इकडं श्यामलाबाईंच्या मनात एक विचार आला. तो विचार मनात येताच पुरणपोळी लाटता लाटता त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला. हे पाणी नुसतं आगीवर पडणार नव्हतं! ते पाव्हण्यांच्या अंगावर उडणार होतं! घरी आलेल्या माणसांच्या अंगावर, त्यातून एक सवाष्ण बाई, महिन्याचं शिळं पाणी?

त्या तशाच पिठाच्या हातानं गच्चीवर गेल्या. टाकीचं खालचं बूच काढलं. सगळं पाणी कुंड्यांना घातलं, टाकी आतून खसाखसा घासली, तुरटी फिरवली, बूच पुन्हा घट्ट बसवलं आणि समाधानानं खाली आल्या. आता नळाला पाणी आलं की मोटर लावायची, टाकी ताजी भरायची. हाय काय नि न्हाय काय! खालचे हंडे-कळश्या तर त्यांनी आधीच रिकामे करून पालथे घातले होते.

नळ सोडला. नळानं घसा खाकरला आणि गप्प बसला.

श्यामलाबाईंनी वाट बघितली. मग त्या हॉलमध्ये आल्या. "अहो, पाण्याचं जरा..."

"पाण्याची काळजी तू करू नकोस!" वसंतराव टेबलावर स्टूल आणि स्टुलावर घमेलं चढवण्यात गुंग होते. धग छतापर्यंत पोचायला हवी ना!

थोड्या वेळानं त्या पुन्हा आल्या. "अहो, नळाला..."

"श्यामला, आज नळ-बिळ काही सांगू नकोस. मला पहिलं वाक्य आठवेना झालंय."

तिसऱ्यांदा त्या आल्या, तेव्हा दारात गाडी थांबली होती. प्रियदर्शनी मॅडम आणि अभिराम आत येत होते. त्यांच्या पाठोपाठ मजा बघायला हंबीररावही आले. पुरणपोळीवर घ्यायला दूध म्हणून त्यांच्या हातात चरवी होती.

"अहो, मी काय म्हणते..." श्यामलाबाई कुजबुजल्या.

"नंतर!" वसंतराव ओठ न हलवता म्हणाले.

आणि मग त्यांनी भाषण सुरू केलं. काय बोलले! मिक्सरच्या वायरीपासून सुरुवात करून, जळक्या गाद्यांवरून, शॉर्टसर्किटच्या बाजूनं ते अडुसष्ट अंशांवर आले. मॅडम ऐकत होत्या. अभिराम मान डोलावत होते. कुणीही उठलं नाही! वसंतरावांचा आवाज चढला, छाती फुगली. त्या भरात त्यांनी घमेल्यातल्या शेणींवर कापूर टाकला आणि काडी ओढली.

"वसंतराव," हंबीरराव म्हणाले, "त्यो कापडाचा बोर्ड लई जवळ हाय बगा."

"असू दे!" वसंतराव हसले. जन्मभर लोकांना पडदा आणि दिवा लांब ठेवा म्हणून सांगणारा माणूस! "पाणी पडणारच आहे!"

जाळ वर गेला. सगळ्यांच्या माना वर गेल्या. लाल नळी चमकली.

टक्!

"फुटली!" वसंतराव आनंदानं ओरडले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

स्प्रिंकलरमधून 'फुस्स' असा आवाज आला. मग एक थेंब पडला. बरोबर अभिरामच्या चष्म्यावर. त्यानंतर काहीच नाही.

"हवा," वसंतराव म्हणाले. "आधी पाइपातली हवा निघते."

हवा निघाली. जाळ मात्र राहिला. तो वाकून स्वागताच्या फलकाकडं गेला आणि 'सहर्ष' पेटलं.

"येईल, येईल," वसंतराव वर बघत म्हणाले.

'सहर्ष' संपवून जाळ 'समिती'कडं निघाला. अभिराम मॅडमना घेऊन दाराकडं सरकले. बाजूच्या पडद्याची झालर काळी व्हायला लागली, आणि मग मात्र गंमत गेली. श्यामलाबाईंनी किंकाळी फोडली, "अहो, विझवा! पाणी नाहीये! घरात थेंब नाही पाण्याचा!"

वसंतरावांचे पाय जमिनीला खिळले. आयुष्यभर त्यांनी आगी बघितल्या त्या फोटोत. ही आग हलत होती!

हललं कोण, तर हंबीरराव. दूध टाकायला दूधवाल्याचा हात धजावला नाही. चरवी खाली ठेवून ते तडक स्वयंपाकघरात घुसले. पालथा हंडा, पालथी कळशी, पालथी घागर! ओट्यावर उलथं नसलेलं एकच भांडं होतं.

"आमटी नको!" श्यामलाबाई ओरडल्या. "पाव्हणे जेवायचेत अजून!"

"वैनी, घर ऱ्हायलं तर पावणं जेवत्याल!" असं म्हणून हंबीररावांनी कोमट झालेलं ते पातेलं उचललं आणि अशा झोकात फेकलं, की एका दणक्यात घमेलं, फलक, पडदा आणि वसंतराव, चौघंही विझले!

चर्रर्र आवाज झाला. काळा मसाला, गूळ आणि धूर यांचा असा ठसका उठला, की सगळे रस्त्यावर जाऊन खोकून आले. परत आले तेव्हा प्रियदर्शनी मॅडमच्या खांद्यावर कढीपत्त्याचं एक पान होतं आणि भिंतीवरून कट ओघळत होता.

"पाणी..." वसंतरावांनी वर बघितलं. "टाकीतलं पाणी कुठं गेलं?"

"कुंड्यांना घातलं," श्यामलाबाई म्हणाल्या.

"कुंड्यांना!"

"मग? पाव्हण्यांच्या अंगावर महिन्याचं शिळं पाणी घालायचं होय? मला नाही बाई पटलं. ताजं भरणार होते, तर सकाळपासून नळच कोरडा. तीनदा सांगायला आले तुम्हाला!"

हंबीररावांनी घसा साफ केला. "नळाचं म्हणत असशीला तर... सकाळी पाया खांदताना जेसीबीचा दात पायपाला लागला जरा. जरा म्हंजे, दोन तुकडं झालं. पर गडी लावल्यात जोडाय! हुईलच एवढ्यात."

वसंतराव मटकन खुर्चीवर बसले. खुर्चीवर आमटी होती, पण आता कशाचंच काही वाटत नव्हतं.

मॅडम निघायला लागल्या. पण श्यामलाबाई दारात आडव्या झाल्या. "घरात पुरणपोळी झालीय, आणि पाव्हणे उपाशी जाणार? शोभतं का ते?" कोल्हापुरात या प्रश्नाला 'होय' म्हणायची सोय नाही. जुन्या साड्यांनी जमीन पुसली गेली. स्वयंपाकघरात अजून ठसका होता, म्हणून हॉलमध्येच ताटं मांडली. आमटी भिंतीवर गेली असली तरी दूध होतं, तूप होतं. हंबीररावही मांडी घालून बसले.

"वसंतराव, मग आता नवीन नाव काय ठिवायचं तुमचं?" त्यांनी पोळीचा पहिला घास मोडत विचारलं. मॅडमनी हसू दुधात बुडवलं.

अभिरामनी मात्र वर बघितलं. तो फुटका स्प्रिंकलर बरोबर त्यांच्या डोक्यावर होता. "हा आता उघडाच राहणार का?"

"निर्धास्त जेवा," वसंतराव सुस्कारा टाकून म्हणाले. "एकदा फुटला की त्याचं काम संपलं."

सगळे निर्धास्त जेवू लागले. दुसरी पोळी ताटात पडली. आणि तेवढ्यात गल्लीतून हंबीररावांच्या मंडळींची, धोंडुबाईंची आरोळी आली.

"पाणी आलं गंऽऽऽ!"

ही आरोळी ऐकली, की आमच्या पेठांतली बाई विचार करत नाही. आधी पाय पळतात, मग हात चालतात, आणि डोकं सगळ्यात शेवटी येतं. श्यामलाबाईंनी पोळ्यांची परात जागेवर ठेवली, धावत जाऊन मोटरचं बटण दाबलं, आणि तशाच परत येऊन तूप वाढायला लागल्या. सगळं एका दमात!

मोटर घुमायला लागली. थोडा वेळ गेला. मग छतात कुठंतरी गुळगुळ झालं.

"आवाज कसला?" अभिरामनी विचारलं.

वसंतरावांनी कान टवकारले. गुळगुळ! गच्चीवरून खाली, भिंतीतून पुढं, छतातून हॉलकडं गुळगुळ! त्यांच्या चेहऱ्यावर एकदम दिवाळी उजळली. खरं तर शहाण्या माणसानं त्या क्षणी "उठा!" म्हणून ओरडावं. पण वसंतराव ताडकन उभे राहिले आणि म्हणाले,

"बसा! कुणी उठू नका! आता बघा!"

आणि त्यांचं आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांनी ऐकलं. कुणीही उठलं नाही!

नुकत्याच जोडलेल्या पाइपातनं आलेलं पहिलं पाणी. त्यात हंबीररावांच्या घराच्या पायातली निम्मी माती होती. ती सगळी, तांबडीलाल, घसघशीत, धो धो कोसळली. पोळीवर, दुधात, तुपात, मॅडमच्या केसांत! अभिरामच्या चष्म्याचं तर काही विचारूच नका.

"बघा, बघा!" वसंतराव त्या चिखलात हात पसरून गोल फिरत होते. "चारी बाजूंना सारखं! एक कोपरा सुटला नाही! मी सांगत होतो की नाही?"

"कळलं हो, आम्हाला कळलं!" मॅडम ताट डोक्यावर धरून ओरडल्या. "बंद करा आधी!"

"बंद करायचा व्हॉल्व्ह गच्चीवर आहे. त्याचंही एक कारण आहे. काय होतं, आगीच्या वेळी माणूस घाबरून..."

"अहोऽऽऽ!" श्यामलाबाईंचा हा आवाज वेगळा होता. वसंतराव भाषण अर्धं सोडून गच्चीवर पळाले.

थोड्या वेळानं पाऊस थांबला. श्यामलाबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. शिळं नको म्हणून एवढा खटाटोप केला, आणि पाव्हण्यांच्या अंगावर पडलं ते असलं!

जाताना प्रियदर्शनी मॅडमनी ओढणी पिळली. बाई मोठ्या मनाच्या. "वहिनी, पोळी छान होती," त्या म्हणाल्या. मग वसंतरावांकडं वळून, अगदी मऊ आवाजात, "तुमची सूचना विचाराधीन ठेवू."

विचाराधीन! जन्मभर हा शब्द वसंतरावांनी दुसऱ्यांना दिला होता. ज्याला द्यायचे, त्याच्या दाव्याचं पुढं काय व्हायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

संध्याकाळपर्यंत ते भिंत पुसत बसले होते. श्यामलाबाईंनी चहा आणून दिला आणि शेजारी बसल्या.

"तू खरंच तीनदा सांगायला आली होतीस?" त्यांनी विचारलं.

"होय."

"मी ऐकून घ्यायला पाहिजे होतं."

"असू दे. आमटी परत करता येईल," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि दुसरं फडकं घेऊन त्यांच्या बरोबरीनं भिंत पुसायला लागल्या. वसंतरावांना फार बरं वाटलं. पण वॉर्डावॉर्डातल्या त्या सतरंज्या काही डोळ्यांपुढनं हलेनात.

तेवढ्यात दारात हंबीरराव उभे. एरवी घरभर ऐकू जाणारा आवाज आज खाली.

"वसंतराव, जरा काम हुतं. ते तुमचं यंत्र हाय न्हवं, ते मला पायजे. चांगलं डझनभर."

वसंतरावांच्या हातातनं फडकं पडलं. "डझनभर? तुम्हाला?"

"व्हय. दुपारी डोळ्यांनी बगिटलं की!"

"हंबीरराव!" वसंतरावांनी त्यांचे दोन्ही हात धरले. शेवटी एका माणसाला पटलं! आणि तेही कुणाला, तर सभागृहात सगळ्यात मोठ्यानं हसलेल्याला! "बसा, बसा! हे बघा, हॉलमध्ये दोन, प्रत्येक खोलीत एक..."

"घरात न्हाय ओ. गोठ्यात."

"गोठ्यात! वा! हे तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. वाळली वैरण, कडबा, वरनं पत्रा. एक ठिणगी पडली तर..."

"ठिणगीचं न्हवं," हंबीरराव म्हणाले. "उन्हाळ्यात म्हशी लई तापत्यात ओ. नळी धरून अंघोळ घालता घालता माणूस कटाळतंय, आणि निम्म्या म्हशी कोरड्याच ऱ्हात्यात. आज म्याडमच्या अंगावर तुमचं पाणी कसं पडलं बगिटलं, आन् म्हटलं, नाद खुळा! मानंपास्नं शेपटापातूर एकसारखं! म्हशीला ह्येच पायजे. फकस्त ती काचंची नळी तेवढी आधीच फोडून द्या."

वसंतरावांनी खाली पडलेलं फडकं उचललं. एकदा छताकडं बघितलं. मग म्हणाले, "रविवारी येतो. बसवताना समोर मी असलेला बरा."

रविवारी ते गेले. गोठ्यात पाइप टाकून झाले, फुटके स्प्रिंकलर लागले. वसंतरावांनी टाकी कुठं हवी, उतार किती हवा, हे सांगायला सुरुवात केली. हंबीररावांना फोन आला, ते बाहेर गेले. पाइप जोडणारे चहाला गेले. वसंतराव मात्र थांबले नाहीत. एकदा विषय काढल्यावर अर्ध्यात कसा सोडायचा? म्हशी समोर ओळीनं उभ्या होत्या. काळेभोर डोळे त्यांच्यावर लावून रवंथ करत होत्या. वसंतराव आधी जरा संकोचले. मग त्यांनी हात मागं बांधले, घसा साफ केला आणि जळक्या घरांपासून अडुसष्ट अंशांपर्यंत सगळं, एकही मुद्दा न गाळता, सावकाश समजावून सांगितलं. कुणी जांभई दिली नाही. कुणी घड्याळ बघितलं नाही.

घरी आले ते शीळ घालतच. "काय गं श्यामला, काय सभा झाली म्हणून सांगू!" ते चपला काढता काढता म्हणाले. "शेवटपर्यंत एकजण जागचं हललं नाही!"

सगळ्यांना दाव्यानं बांधलेलं होतं, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही.